आबांची बंदूक आणि सुट्टीला आलेली नातवंडं

ज्यांच्या घरात परवान्याची बंदूक आहे, किंवा ज्यांची मुलं सुट्टीत अशा घरी राहायला जातात, त्या आई-बाबांशी आज मोकळेपणाने बोलायचं आहे. "आमच्याकडे कुठल्या आल्यात बंदुका!" असं म्हणून पान उलटू नका. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका कितीतरी वाड्यांमध्ये आहेत. रानडुकरांनी भात तुडवू नये, माकडांनी नारळ-केळीचा फडशा पाडू नये, दोडामार्ग-सावंतवाडीकडे गवे शेतात उतरू नयेत म्हणून त्या घेतलेल्या असतात. सातारा-कोल्हापूरकडे फौजेतून निवृत्त झालेली माणसं बारा बोरची बंदूक खांद्याला लावून बँकेच्या दारात उभी राहतात, आणि अनेकांची बंदूक ड्यूटी संपल्यावर त्यांच्याबरोबर घरी येते. पोलीस अधिकाऱ्याचं पिस्तूल घरी येतं. शहरांत स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेले व्यापारी आहेत. या प्रत्येक घरात कुणाची तरी मुलं, नातवंडं, भाचरं वावरत असतात.

मी कोकणात प्राथमिक शाळेत शिकवत आले. पहिली-दुसरीच्या मुलांना "माझं घर" काढायला सांगितलं की एखाद्या चित्रात गाय, तुळस, आजी आणि भिंतीवर आडवी बंदूक असायची. त्या मुलांना तिचं अप्रूप नसायचं. मला जास्त काळजी वाटते ती चतुर्थीला आणि मे महिन्यात मुंबई-ठाण्याहून गावी येणाऱ्या मुलांची. घर माणसांनी भरलेलं असतं. सकाळी मोठी माणसं देवाच्या, स्वयंपाकाच्या गडबडीत, दुपारी जेवून आडवी झालेली. मुलं मात्र पडवीतून माळ्यावर, माळ्यावरून मागच्या खोलीत हुंदडत असतात. त्यांना त्या घराचा प्रत्येक कोपरा नवा असतो. आबांची बंदूक दाराआड उभी असते किंवा खुंटीला टांगलेली असते, आणि तिच्याबद्दल या मुलांशी कुणीही कधी एक अक्षर बोललेलं नसतं. आबांना वाटतं, पोरांच्या आई-बापाने सांगितलं असेल. आई-बापाला वाटतं, आबा लक्ष ठेवतील.

त्यात ठासणीची बंदूक असेल तर धोका आणखी वाढतो, कारण ती रिकामी करणं सोपं नसतं. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे भरून गजाने ठासले की बार काढेपर्यंत ते आतच राहतात. रात्री राखणीला नेलेली आणि न वाजलेली बंदूक सकाळी तशीच भरलेली घरी येते. "केप (ठिणगी पाडणारी टोपी) काढून ठेवलीय, काही होत नाही," हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. आत दारू आहे तोवर ती बंदूक भरलेलीच आहे. पिस्तुलाच्या बाबतीत अशीच एक समजूत असते, की मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं. चेंबरमध्ये एक गोळी राहून गेलेली असू शकते, आणि ती बाहेरून कुणालाही दिसत नाही. म्हणून जाणती माणसं प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून तिला हात लावतात. मुलाला एवढं सगळं कळणार नाही. ते आपल्याला कळलेलं असलं पाहिजे.

आता पालकांच्या दोन भरवशांबद्दल बोलू. पहिला भरवसा असतो, "आम्ही ती अशा जागी ठेवतो की पोरांना पत्ताच नाही." साड्यांच्या घडीखाली, गादीखाली, माळ्यावर जुन्या ट्रंकेमागे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ग्रामीण भागातल्या एका दवाखान्यात येणारे, घरात बंदूक असलेले पालक आणि त्यांची ५ ते १४ वर्षांची मुलं यांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले गेले होते. २००६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बंदूक कुठे आहे हे आमच्या मुलाला माहीत नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांचं म्हणणं त्यांच्याच मुलांनी खोडून काढलं. आमच्या मुलाने बंदुकीला कधीच हात लावलेला नाही असं म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांची मुलं म्हणाली, लावलाय की! दहा वर्षांखालच्या मुलांनाही मोठ्यांइतकाच पत्ता होता. आपल्या घरातलं आठवून पाहा. दिवाळीचा फराळ, लपवलेला मोबाईल, वाढदिवसाची आणलेली भेट यांतलं काय मुलांपासून लपून राहिलं आहे?

दुसरा भरवसा जास्त प्रेमळ असतो, म्हणून जास्त घात करतो. "आमचा शहाणा आहे. एकदा सांगितलं की हात लावत नाही." अटलांटा शहरातल्या डॉक्टरांनी ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटात एका खोलीत थोडा वेळ एकटं सोडलं आणि एकेरी आरशाआडून पाहिलं. एका खणात खरं पिस्तूल ठेवलं होतं, अर्थात गोळी उडणार नाही अशी काळजी घेऊन. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडलं. त्यातल्या १६ गटांनी ते हाताळलं आणि १० गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. ज्यांना ते सापडलं त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा खात्री नव्हती. हाताळणाऱ्या आणि चाप ओढणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं, की बंदुकीबद्दल काय करायचं-काय नाही हे आम्हाला आधी शिकवलेलं आहे. हा अभ्यास २००१ सालचा. ही वाया गेलेली मुलं नव्हती. चारचौघांच्या घरातली, शिकवलेली मुलं होती.

म्हणून माझं म्हणणं असं, की मुलाशी बोलायचं, मनापासून बोलायचं, पण त्याच्या आज्ञाधारकपणाच्या जिवावर बंदूक उघडी ठेवायची नाही. कुलूप आधी, बोलणं त्याच्या जोडीला. बंदूक रिकामी करून लोखंडी कपाटात कुलपात ठेवावी. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात असावीत. किल्ली परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्या अंगावर असावी. देवघराच्या खणात नको, आजीच्या जुडग्यात नको, कारण तो जुडगा साखरेच्या डब्यासाठी दिवसातून चारदा नातवंडांच्या हाती जातो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना तर म्हणते, की मुलं असलेल्या घरात बंदूक नसणं हेच सर्वांत सुरक्षित, आणि असेलच तर ती अशी ठेवा. २००५ साली तिथेच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की बंदूक कुलपात ठेवणं, रिकामी ठेवणं, काडतुसं कुलपात ठेवणं आणि ती वेगळी ठेवणं या चारही सवयींचा संबंध मुलांच्या हातून होणाऱ्या इजा आणि मृत्यू कमी असण्याशी आहे. राखणीसाठी बंदूक हाताशी लागते हे मला माहीत आहे. पण रात्री शेतातल्या मांगरात जाणाऱ्याने ती कपाटातून काढायला दोन मिनिटं घालवली तर डुकरं तेवढ्यात शेत संपवत नाहीत.

मग बोलायचं कशाला, कुलूप तर आहे, असं कुणी विचारेल. कुलूप फक्त आपल्या घराला असतं. मूल मित्राकडे जातं, मामाकडे जातं, लग्नघरी जातं. आणि शिकवण्याचा उपयोग होतो हेही दिसलं आहे. ओहायो राज्यात ८ ते १२ वर्षांच्या मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेची एक मिनिटाची चित्रफीत दाखवली गेली आणि आठवड्याने खोलीत त्यांना निकामी केलेल्या बंदुका सापडतील असं केलं. ज्यांनी ती पाहिली नव्हती त्यांच्यापैकी सुमारे ६७ टक्के मुलांनी बंदूक हाताळली, पाहिलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांनी. चाप ओढणाऱ्यांचं प्रमाण तर सुमारे ३४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. शिकवण्याने एवढा फरक पडतो, आणि तरीही शंभरातली ३९ मुलं हात लावतातच. बोलणं आणि कुलूप दोन्ही का लागतात, हे ६७ आणि ३९ या दोन आकड्यांत आहे.

बोलायला बसाल तेव्हा आधी स्वतःचा आवाज सैल करा. धमकीच्या सुरात सुरू झालेलं बोलणं मुलं अर्धं ऐकतात, आणि जे झाकलेलं असतं ते शोधायला निघतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला कारणमीमांसा नको. त्याला दोन-तीन छोटी वाक्यं पुरतात. "आबांकडे बंदूक आहे. ती खरी आहे. तिला मुलं हात लावत नाहीत. कुठे दिसली तर तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं." एवढंच, पण परत परत, सुट्टीच्या प्रत्येक फेरीत, गाडीत बसल्यावर एकदा आणि आबांच्या ओटीवर पोचल्यावर आबांच्याच तोंडून एकदा. आबांनी सांगितलेलं नातवंडं वेगळ्या कानांनी ऐकतात. "सोन्या, बंदूक माझी आसा, कपाटात बंद आसा, ती फक्त मीच काढतंय," असं आबा म्हणाले की त्यातली निम्मी उत्सुकता तिथेच विरते.

पाच-सहा वर्षांचं मूल प्रश्न विचारतं, आणि ते प्रश्न टाळू नयेत. "खेळण्यातली आणि खरी वेगळी कशी ओळखायची?" याचं खरं उत्तर असं, की ओळखता येत नाही, मोठ्यांनाही कधी कधी येत नाही. म्हणून आपण विकत न घेतलेली, दुसऱ्याकडे किंवा कुठे पडलेली दिसणारी प्रत्येक बंदूक खरी समजायची. "गोळी लागली की काय होतं?" कार्टूनमध्ये पडलेला माणूस पुढच्या क्षणी उठून पळतो, आणि या वयात मरण म्हणजे काय हे मुलाला नीट उमगलेलं नसतं. तेव्हा स्पष्ट सांगावं, की खऱ्या गोळीने खूप मोठी जखम होते, माणूस मरू शकतो, आणि मेलेला माणूस परत येत नाही. हे सांगताना भीतीदायक वर्णनं नकोत. रात्री झोपेत दचकणारं मूल सुरक्षित झालेलं नसतं.

पोलिसांच्या मुलांचा प्रश्न वेगळा असतो. "बाबा, तुम्ही कुणाला मारलंय का?" किंवा त्याच्या पोटातला खरा प्रश्न, "तुम्हाला कुणी मारणार नाही ना?" इथे पिस्तुलाचं कौतुक सांगत बसू नका. "माझं काम लोकांना सांभाळायचं आहे. पिस्तूल त्या कामाची वस्तू आहे, ती कामावर वापरायची असते. घरी आलो की मी ती कुलपात ठेवतो, आणि घरी मी तुझा बाबा असतो." मुलाला धीर हवा असतो, तो एवढ्याने मिळतो. घरी आल्यावर पिस्तूल टीव्हीवर, फ्रिजवर, डायनिंग टेबलावर "जरा वेळ" ठेवायची सवय ज्यांना आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बूट काढण्याआधी ते कुलपात जाऊ द्या. तुम्ही हात-पाय धुवायला गेलात तेवढा वेळ मुलाला पुष्कळ होतो.

मुलाला नुसतं वाक्य पाठ करून घेणं मात्र पुरत नाही. अमेरिकेत १९८८ पासून एका गरुडाच्या पात्राकरवी लहान मुलांना चार गोष्टी शिकवल्या जातात: थांब, हात लावू नकोस, तिथून पळ, मोठ्यांना सांग. चार-पाच वर्षांच्या मुलांवर अभ्यास झाला तेव्हा मुलांना ती वाक्यं घडाघडा येत होती, पण बंदूक खरोखर समोर आली तेव्हा त्यांतलं काही त्यांच्या हातून घडलं नाही. ज्या मुलांकडून त्या त्या जागी प्रत्यक्ष सराव करून घेतला, त्यांच्यात फरक पडला. हे घरी करता येतं, आणि त्यासाठी खरी बंदूक मुळीच बाहेर काढायची नाही. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल ओटीच्या कोपऱ्यात ठेवा. "समज, हे तुला दिसलं. आता काय करशील?" मूल म्हणेल, "तुला सांगेन." म्हणायचं, "करून दाखव." त्याला मागे वळू दे, चालत तुमच्यापर्यंत येऊ दे, सांगू दे. मग त्याला जवळ घ्या. पुढच्या आठवड्यात न सांगता पुन्हा ठेवून पाहा. पायांना आणि तोंडाला त्या गोष्टीचं वळण पडलं पाहिजे.

चोर-पोलीस खेळणाऱ्या मुलांना मात्र खुशाल खेळू द्या. बोटाची बंदूक करून ठो-ठो केलं म्हणून मूल हिंसक होतंच असं नाही. खेळणं वेगळं आणि खरी वस्तू वेगळी, ही रेषा मोठ्यांनीच पुसू नये एवढंच. ती आपण पुसतो, आणि मला याचा मनापासून संताप येतो. सहा वर्षांच्या नातवाच्या हातात खरी बंदूक देऊन फोटो काढायचा, तो स्टेटसला लावायचा, खाली "वाघ" लिहायचं! त्या एका फोटोने त्याला शिकवलेलं सगळं धुऊन जातं. त्याला कळतं, की हात लावायचा असतो, आणि लावला की कौतुक होतं. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं हाही तसाच धडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी बंदूक बाहेर येते. मुलं गोळा होतातच, त्यांना हाकलून देऊ नका. पूजेआधी आबांनी एकट्याने ती रिकामी आहे का ते पाहावं, काडतुसं आत कुलपातच राहू द्यावीत, नळी माणसांकडे होणार नाही अशी ठेवावी. मग मुलांनी फूल वाहावं, लांबून नमस्कार करावा, प्रश्न विचारावेत. पूजा आटपली की त्यांच्या डोळ्यांदेखत ती कुलपात जावी. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या अनेक बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि ऐन पिकाच्या दिवसांत शेतकरी त्यामुळे कातावतो. तरी मुलाला सांगायला तीही वेळ चांगली आहे. बंदूक एवढी जोखमीची वस्तू आहे, की ती कुणाकडे आहे याची सरकारसुद्धा नोंद ठेवतं, हे त्याला तेव्हा सहज कळतं.

एक गोष्ट बायकांसाठी. सुनेने सासऱ्याला "तुमची बंदूक कुलपात ठेवा" असं म्हणणं सोपं नाही, मला माहीत आहे. आबांना तो आपल्या हुशारीवर घेतलेला संशय वाटतो. म्हणून हे बोलणं मुलाने, म्हणजे नवऱ्याने करावं, आणि गावी पोचायच्या आधी फोनवर करावं. "आबा, पोरं येतायत. बंदूक आत ठेवशाल ना? आणि पोरांक तुम्हीच एकदा समजावा." यात मान राखला जातो आणि जबाबदारीही दिली जाते. शेजारी, मित्र, नातेवाईक यांना विचारायलाही संकोच नको. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी तर हा संकोच पार सोडावा. तिथे २०२० पासून मुलं आणि किशोर यांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. मूल कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी "तुमच्याकडे कुलपाबाहेर बंदूक आहे का?" हे विचारा, असं तिथले बालरोगतज्ज्ञच सांगतात, आणि २१ जून हा दिवस त्यासाठी पाळला जातो. उत्तर पटलं नाही तर त्यांच्याच मुलाला आपल्या घरी खेळायला बोलवावं.

घरात मोठं, तेरा-चौदा वर्षांपुढचं मूल असेल तर कुलूप सैल करू नका, आणखी घट्ट करा. या वयात निराशेची लाट अचानक येते आणि बऱ्याचदा ओसरूनही जाते. त्या तेवढ्या वेळात बंदूक हाताशी नसण्यावर त्याचा जीव अवलंबून असू शकतो. मूल गप्प गप्प, उदास वाटत असेल तर त्याच्याशी बोला, डॉक्टरांकडे न्या आणि बंदूक काही काळ घराबाहेर ठेवायची कायदेशीर सोय पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे विचारा. परवाना ज्याच्या नावावर आहे तो माणूस वारला तर बंदूक वारसाहक्काने कपाटात पडून राहू शकत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती विनाविलंब जमा करावी लागते. दुःखाच्या दिवसांत तिची आठवण कुणालाच राहत नाही आणि घरात मुलं तर जमलेली असतात. म्हणून ही जबाबदारी कुटुंबातल्या एका माणसाने आधीच आपल्याकडे घेऊन ठेवावी.

आणि मूल जेव्हा खरोखर येऊन सांगेल, तेव्हा काय कराल? ते धापा टाकत येईल आणि म्हणेल, "आई, काकांच्या खोलीत बंदूक आहे." कदाचित खाली बघत म्हणेल, "मी हात लावला." त्या क्षणी तुमच्या पोटात गोळा येईल आणि हात उगारावासा वाटेल. उगारू नका. "तिकडे गेलासच कशाला" हेही नको. मार बसला तर पुढच्या वेळी ते हात लावेल आणि सांगणार नाही. त्याला म्हणा, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस," त्याला दुसऱ्या कुणाजवळ बसवा आणि तुम्ही उठून त्या खोलीत जा. रागवायचं असेल तर काकांना रागवा.